सरांची ढ गाडी

आमच्या सरांना हुशार मुलं आवडत नसत. ते त्यांचा राग करायचे असं नाही. वर्गात कोणी सगळ्यांच्या आधी गणित सोडवलं, की ते वहीवर नजर टाकून बरोबरची खूण करायचे आणि लगेच मागच्या बाकांकडे चालू लागायचे. तिथे अपूर्णांक पाहिला की घाम फुटणारा कोणीतरी बसलेला असायचा. उरलेला सगळा तास मग त्याचा. मी वर्गात पहिला यायचो. म्हणजे सरांच्या दृष्टीने माझं काम झालेलं होतं.

शंका घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो तरी ते वही हातात घेत नसत. "तुले का होते? तू करशीन," एवढंच म्हणायचे. आणि गंमत अशी, की मी खरोखरच करायचो. घरी येऊन हट्टाने ते गणित सोडवायचो, दुसऱ्या दिवशी दाखवायला जायचो, आणि पुन्हा तीच एक खूण घेऊन जागेवर येऊन बसायचो.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. बाबा आसगावच्या तलावाखालच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान करतात. आई सही करायला शिकली ती माझ्याच जुन्या पाटीवर. दहावीनंतर मी बाबांच्या हाताखाली जायचं, असं घरात ठरून गेलं होतं. एक दिवस सर बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "याले भंडाऱ्याले पाठवा. हा तिथं चालते." बाबांनी चिखलाचे हात धुतले आणि हो म्हटलं. आज मी भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, ते त्या वाक्यामुळे. सरांचे उपकार मी जाणतो. पण उपकार जाणणं वेगळं आणि हेवा वाटणं वेगळं. माझ्या मनात ते दोन्ही फार वर्षं शेजारी शेजारी राहिले आणि त्यांचं कधी भांडण झालं नाही.

हेवा कोणाचा, तर ढ मुलांचा.

सर मुलांना गावाच्या नावाने हाक मारत. आमच्या वर्गातला एक जण थेट तुमसरच्या पलीकडून, मध्य प्रदेशाला लागून असलेल्या बपेऱ्याहून मामाकडे शिकायला आला होता. सर त्याला 'बपेरा' म्हणायचे. पुढे सगळेच म्हणायला लागले, आणि आता त्याची बायकोही म्हणते. आम्ही गावातली पोरं सगळीच आसगावची, त्यामुळे आम्हाला तसं काही नाव मिळालं नाही. बपेऱ्याला गणित अजिबात येत नव्हतं. शाळा सुटली की सर त्याला घरी घेऊन जायचे. अंगणात धानाच्या पेंढ्या मांडून त्याला पाव, अर्धा, पाऊण शिकवायचे. मध्येच काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भात आणि वांग्याची भाजी घेऊन यायच्या आणि सर त्याला जेवताजेवता सुद्धा विचारत राहायचे, "ताटातल्या भाताचे किती हिस्से खाल्ले बे बपेऱ्या?"

मी त्याच रस्त्याने घरी जायचो. कुंपणाच्या तुराट्यांमधून हे सगळं दिसायचं. आपल्याला अपूर्णांक येतात याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

'नापास' हा शब्द सरांच्या तोंडी कधी आला नाही. "तो अजून पोहोचून राहिला आहे," असं ते म्हणत. निकालाच्या दिवशी एखाद्याचा बाप तावातावाने आला, तरी सर शांतपणे म्हणायचे, "पाटील, तुमचा मुलगा वाटेत आहे." शर्टाच्या खिशात खडू कायम. निवृत्त झाल्यावरही तो राहिला. दिसेल त्याच्यावर ते लिहायचे. मांडवावरच्या भोपळ्यावर तो कधी तोडायचा ते, दाराच्या पाटीवर दूधवाल्याला निरोप, आणि काकूंनी फारच आवाज चढवला तर विहिरीच्या काठावर "शांतता राखा". काकू ते पुसायच्या आणि त्याच ओल्या हाताने चहा ठेवायच्या.

दोघांमध्ये एक करार होता. देवाधर्माचं सगळं खातं काकूंचं आणि त्यात सरांनी बोलायचं नाही. सर विज्ञानही शिकवायचे, घरात देवाला हात जोडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. पण काकूंच्या पूजेतलं फूलसुद्धा त्यांनी कधी इकडचं तिकडे केलं नाही. "लग्नात शब्द देल्ला होता," ते सांगायचे, "अन् तिनंही माह्या प्रयोगाच्या बाटल्या कधी फेकल्या नाहीत."

तर असे हे सर निवृत्त झाले. तलावाच्या खालच्या अंगाला त्यांचं थोडं वावर होतं, त्यात ते वांगी आणि मिरची लावू लागले. आणि मग एक दिवस त्यांनी जुनी पिकअप घेतली.

ती बपेऱ्याने शोधली होती. बपेरा आता जवाहरनगरला नोकरी करतो, तिथेच क्वार्टरमध्ये राहतो. तिथल्या एकाच्या अंगणात ही गाडी कधीची उभी होती. धावता धावता बंद पडायची म्हणून कोणी घेत नव्हतं. बपेऱ्याने फोनवर सहज ही गोष्ट सांगितली आणि सर म्हणाले, "कोनीच नाही घेऊन राहिलं? मंग मी घेतो."

मी त्या रविवारी गावी होतो. बपेराच ती चालवत घेऊन आला, शेजारी सर. जवाहरनगरहून आसगावला येताना ती इतक्यांदा बंद पडली होती, की दोघं निघाले सकाळी आणि पोहोचले ते ऊन उतरल्यावर. बपेऱ्याचा चेहरा पडलेला. सर मात्र वरातीतून उतरावं तसे उतरले.

काकू आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी गाडीला ओवाळलं, चाकांवर पाणी घातलं, आणि डिझेल टाकीच्या झाकणावर हळद-कुंकवाचा तेलात कालवलेला टिळा लावला. पोट पुजायचं असतं, म्हणून झाकणावर. मग ताट खाली ठेवून म्हणाल्या, "चार वांगे न्याले कोनी टरक घेते का?"

"टरक नाही व, पिकप आहे," सर म्हणाले.

"चालत नाही म्हणते हा बपेरा."

"चालते. थोडं चालते, मंग थांबते. तिले काहीतरी अडचण आहे. कोनी विचारलीच नाही."

शेजारचे एक म्हातारे काठी टेकत आले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सर, आखरी ढ पोरगं घरीच आनलं म्हना."

सगळे हसले. सर नाही हसले. त्यांनी खिशातला खडू काढला आणि गाडीच्या डाव्या दारावर ठळक अक्षरात लिहिलं, "हजर".

त्यानंतरचे महिने मी ज्या भावनेत काढले, ती भल्या माणसाला सांगण्यासारखी नाही. मी शनिवार-रविवार गावी यायचो. आधी आईकडे, मग सरांकडे. पूर्वी निदान अंगणात खुर्ची टाकून सर बोलायचे, कॉलेजचं विचारायचे. आता त्यांचे फक्त पाय दिसायचे, गाडीखालून बाहेर आलेले.

प्राध्यापकीची पात्रता परीक्षा मी पास झालो, तेव्हा पेढे घेऊन गेलो. निकाल पाहिल्यापासून मी मनात वाक्य जुळवत होतो. सर उठतील, चष्मा वर करतील, काहीतरी म्हणतील. काय म्हणतील, तेही मी दोन-तीन प्रकारे ठरवून ठेवलं होतं. मी पायांपाशी उभा राहून म्हटलं, "सर, मी पास झालो."

गाडीखालून आवाज आला, "हाव, होशीनच. पेढे काकूजवळ ठेव. अन् थो बाराचा पाना दे."

मी पाना दिला. काकूंनी पेढा देवापुढे ठेवला आणि मला भात वाढला. त्यांनी खूप कौतुक केलं. पण मला ते गाडीखालून हवं होतं.

गाडीचा त्रास असा होता. सकाळी एका चावीत सुरू व्हायची. गावातून बाहेर पडेपर्यंत ठणठणीत. पुढे तलावाची पाळ ओलांडून नाल्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे ठेंगण्या पुलापाशी आली, की दम लागल्यासारखी करायची. वेग घ्यायची नाही, हिसके द्यायची आणि बंद. मग चावी मारून उपयोग नसायचा. थोडा वेळ तशीच राहू दिली, की आपोआप सुरू व्हायची आणि पुन्हा तेवढंच अंतर जायची.

पवनीहून मेकॅनिक आला. त्याने डिझेल फिल्टर बदलला, हाताने दाबायच्या छोट्या पंपाने लाइनमधली हवा काढली. गाडी रपट्यापर्यंत गेली आणि थांबली. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "सर, पंप गेला. नागपूरले खोलून पाठवा लागते."

"पंपाची परीक्षा घेतली का तू?"

"परीक्षा कायची जी? अनुभव आहे ना."

"परीक्षा न घेता निकाल नाही लावत मी," सर म्हणाले. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

सरांची स्वतःची एक पद्धत होती. कोणतीही गोष्ट ते गावातल्या पाण्यावरून शिकवायचे. वीज शिकवली ती पाटाच्या पाण्यावरून, रक्ताभिसरणही त्यावरूनच. आता गाडीची डिझेल व्यवस्थाही त्यांनी अंगणातल्या मातीवर काठीने काढली. वर तलाव, म्हणजे टाकी. तलावाचं पाणी सोडायचं तुडूम, म्हणजे टाकीतली जाळी. मग पाट, म्हणजे पाइप. शेवटी बांधी, म्हणजे इंजिन. "बांधीत पानी नाही पोचून राहिलं," ते म्हणाले, "तर तलावापासून चालत यायचं. गाळ कुठी, फूट कुठी, ते पाहायचं. मधातच उभं राहून बांधीले दोष नाही द्यायचा."

हे ते बपेऱ्याला सांगत होते. बपेरा दर रविवारी जवाहरनगरहून मोटरसायकलवर यायचा, शर्ट काढून बनियनवर गाडीखाली घुसायचा. दोघं आत काहीतरी बोलायचे आणि मोठ्याने हसायचे. मी ओट्यावर चहाचा कप धरून बसलेला असायचो. एकदा मी वाकून विचारलं, काही मदत करू का. बपेरा आतूनच म्हणाला, "नाही जी प्रोफेसर, तुमच्या शर्टाले डिझेलचा वास लागन."

आणि सर म्हणाले, "त्याले कायले आत यायचं? तो वरून पाहून समजते."

त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन आईशी उगाच भांडलो.

मी गाडीकडे बारकाईने पाहू लागलो होतो. एखाद्या घरात नवी सून आल्यावर थोरली जाऊ तिला न्याहाळते, तसा. तिचा रंग उडालेला होता, एका दिव्याला काच नव्हती, मागच्या डाल्याचा, म्हणजे माल भरायच्या हौद्याचा, पत्रा खालून गंजलेला. सर तिची समोरची काच स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचे. बंद पडली की तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर हात ठेवून उभे राहायचे. सुरू झाली तर दारावर "हजर", नाही तर "गैरहजर". गैरहजरच्या पुढे त्यांनी कधी शेरा लिहिला नाही.

मग सरांनी तलावाची परीक्षा घ्यायची ठरवली. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेतला, धुऊन वाळवला. खालून भोक पाडून त्यात रबरी पाइप बसवला. वरच्या बाजूला दाभणाने आणखी एक बारीक भोक पाडलं. पाइपचं दुसरं टोक टाकीला वगळून थेट फिल्टरला जोडलं. डब्यात डिझेल भरलं. आता गाडी टाकीतलं तेल पिणार नव्हती, डब्यातलं पिणार होती. असं करून ती न थांबता चालली तर दोष टाकीकडचा, थांबली तर पंपाचा.

"डबा धराले कोनी पायजे," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी डाल्यात उभा राहिलो. डबा दोन्ही हातांनी केबिनच्या छपरावर धरून. बपेरा गाडी चालवत होता, सर त्याच्या शेजारी. गावातून निघालो तेव्हा पानठेल्यावरची माणसं उभी राहिली.

"सलाईन लावली का जी सर?"

"ग्लुकोज आहे का अंदर?"

"मास्तर, गाडी वाचते का?"

माझा एक विद्यार्थी तिथे उभा होता. त्याने मला नमस्कार केला. दोन्ही हात डब्यात गुंतले असल्यामुळे मला तो घेता आला नाही. पण मला लाज वाटली नाही. सरांच्या कामात मी पहिल्यांदाच घामाने भिजत होतो. पाळ गेली, रपटा गेला, गाडी धावत राहिली. पुढच्या गावाच्या शाळेपर्यंत गेलो आणि तिथून वळून परत आलो. कुठेही हिसका नाही.

सर उतरले ते बपेऱ्याच्या पाठीवर थाप मारत. "पंप पास," ते म्हणाले. डबा अजून माझ्याच हातात होता.

त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी त्या दोघांनी टाकी उतरवली. आतून धुतली, वाळवली. जाळी साफ केली. पाइपमध्ये हवा मारून पाहिली, आरपार गेली. सगळं पुन्हा बसवलं. बपेरा चावी लावून निघाला आणि रपट्यावर गाडी जिथे रोज थांबायची तिथेच थांबली.

मी सरांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. रपट्याच्या कठड्यावर ते हात मांड्यांमध्ये घालून बसले होते. बपेरा म्हणाला, "सर, मी मालकाशी बोलतो. थो वापस घेते. तुमाले त्रास कायले?"

"पोरगं वापस नाही करत मी."

"पोरगं नोय जी थे. गाडी हाय."

सर उठले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. वाईट असं, की मला आतून बरं वाटत होतं. बपेरा हरला होता आणि गाडीही.

पुढच्या आठवड्यात बपेऱ्याला ड्युटी होती. शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा सर एकटेच गाडीत बसले होते, इंजिन सुरू. काकू नुकत्याच टिळा लावून ताट घेऊन आत जात होत्या. त्या दर शनिवारी लावायच्या. सर मला म्हणाले, "चाल, बस. रपट्यावरून येऊ."

मी त्यांच्या शेजारी बसलो. रपट्यापर्यंतचा रस्ता फार लांब नाही. तरी मला कितीतरी बोलायचं होतं, आणि त्यातलं काहीच आठवेना. सर आवाज ऐकत होते. पाळीवर ते म्हणाले, "आता दम लागन पाह्य," आणि लागला. रपट्यावर गाडी बंद पडली. वाऱ्याने तलावातली कमळाची पानं उलटत होती. एक ढीवर डोंग्यातून जाळं ओढत होता, त्याने आमच्याकडे पाहून हात केला. त्याला रोजची सवय झाली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, तुमी डब्याले वरून भोक काहून पाडलं होतं?"

"हवा नाही गेली त तेल खाली कसं येईन? बाटलीतलं पानी उलटं करून पाह्य, गटगट करते का नाही?"

"मंग टाकीत हवा कुठून जाते जी?"

"तलावात कुठून..." सर म्हणाले आणि थांबले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग समोर, तलावाकडे. आमच्याकडच्या कोणालाही हा प्रश्न एरवी पडला नसता. इथे ज्याने त्याने पाणी साठलेलं पाहिलं ते तलावात, आणि तलावाला झाकण नसतं. त्यात गाळ साचतो, तुडूम तुंबतं, पाट फुटतो. हवा कमी पडली असं कोणाच्या तलावाचं कधी झालेलं नाही. सरांनी मातीवर चित्र काढलं तेव्हा त्यात झाकण काढलंच नव्हतं.

ते उतरले. टाकीपाशी गेले आणि झाकण हळूच फिरवलं. फुस्स करून आत हवा ओढली गेली. लांब, थकलेल्या माणसाने श्वास घ्यावा तसा आवाज. झाकण हातात घेऊन त्यांनी उन्हात धरलं. मध्यभागी हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते जिथे असायला हवं तिथे कुंकू होतं. जुन्या मालकाच्या काळची ग्रीस आणि धूळ, आणि त्यावर शनिवारमागून शनिवार हळद, कुंकू आणि तेल. थर नाण्याएवढा जाड झाला होता. गाडीचा प्रत्येक नटबोल्ट सरांनी पुसला होता, पण इथे हात लावला नव्हता. हे काकूंचं खातं होतं.

"बरोबर," सर म्हणाले.

मी वाट पाहिली. सरांनी खिशातून खडू काढला, दारावर एक खूण केली आणि झाकण सैल बसवून गाडीत चढले. रपटा ओलांडून आम्ही बरंच पुढे जाऊन आलो. सर गुणगुणत होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी झाकण काकूंपुढे धरलं. स्वतः खरवडलं नाही. सगळं समजावून सांगितलं, तोंडाला फडकं बांधून कोणी पळायला लावलं तर काय होईल, वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं.

"मंग मी कुठी लावू?"

"दिव्याच्या वर लाव. थे डोळे आहेत तिचे."

"अगुदर सांगाचं ना मंग. इतके दिवस बिचारीचं नाक दाबून राहिली मी." काकूंनी सुई आणली आणि स्वतःच्या हाताने ते छिद्र मोकळं केलं. मग दोन्ही दिव्यांच्या वर बोट बोट कुंकू लावलं.

गाडी त्यानंतर कधी थांबली नाही. आणि मी समजत होतो ते झालं नाही. मला वाटलं होतं, आता सर तिच्यावर आणखी जीव लावतील. पण ती चालायला लागली आणि आठवडाभरात सरांचं तिच्यातून लक्षच उडालं. वांगी भरायचे, बाजारात न्यायचे, आणून चिंचेखाली उभी करायचे. काच पुसायला टॉवेल गेला नाही. दारावरचा हजेरीचा खडू पावसाने गेला तो परत उमटला नाही. मी एकदा म्हटलं, "सर, गाडी धुतली नाही?" तर म्हणाले, "तिले का होऊन राहिलं आता? मस्त चालते."

चिंचेखाली ती उभी असायची, पानं अंगावर पडलेली. मला तिच्याविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. मी येताजाता तिच्या बोनेटवरची पानं झटकायला लागलो.

अशाच एका रविवारी मी पानं झटकत होतो. सर वांग्यांची पोती भरून हुश्श करत बसले आणि म्हणाले, "आज तू ने बाजारात. माहे गुडघे दुखून राहिले."

"मले चालवता येत नाही जी."

"मोटरसायकल त चालवते."

"थे येते. हे नाही येत."

सरांनी चष्मा वर केला. "काहीच नाही? किलच कोनता?"

मी आत वाकून पाहिलं आणि मधल्या पेडलकडे बोट केलं.

"थो ब्रेक आहे," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी झालं. ते उठले. गुडघा दुखणारा माणूस इतक्या चटकन उठत नाही. "अरे, तुले त काहीच नाही येत."

"नाही जी."

"अजिबातच?"

"अजिबात."

त्यांनी काकूंना ओरडून सांगितलं की वांगी उद्या जातील. पाळीखालच्या मोकळ्या मैदानात आम्ही गेलो. सरांनी जमिनीवर काठीने क्लचचं चित्र काढलं, दोन तव्यांचं. एक फिरतो, एक थांबलेला, त्यांची हळूहळू ओळख करून द्यायची. मला ते समजलं, पण पायाला समजलं नाही. गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. सर रागावले, "पायानं विचार कर बे," म्हणाले, मला पहिल्यांदाच 'बे' म्हणाले. शेजारच्या सीटवरून अर्धे खाली वाकून माझ्या पायाकडे पाहत राहिले. माझा हात गिअरवर होता. त्यावर त्यांनी आपला हात ठेवला, खडूने खरखरीत झालेला, आणि पहिला, दुसरा, परत पहिला असा तो फिरवत राहिले. ऊन डोक्यावरून खाली आलं. काकूंनी तिथेच भात आणि वांग्याची भाजी पाठवली. आम्ही डाल्यात बसून जेवलो आणि जेवताना सर मला विचारत होते, क्लच अर्ध्यावर आला हे कसं ओळखायचं.

दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. मला अजून येत नव्हतं. सरांनी बपेऱ्याला फोनवर सांगितलं, "नाही, या रयवारी नको येऊ. प्रोफेसरचं चालू आहे माह्यं. लय वाटेत आहे तो अजून." फोनवर पलीकडे बपेरा काय म्हणाला माहीत नाही. सर हसले नाहीत.

तिसऱ्या रविवारी मैदानाच्या एका टोकापासून निघालो. क्लच हळू सोडला, गाडी अलगद चालू लागली. दुसरा गिअर पडला, आवाजही झाला नाही. पाळीच्या कडेने वळण घेतलं. तिसरा टाकला. मी तिरप्या नजरेने पाहिलं, तर सरांनी हात छातीवर बांधले होते, चष्मा नाकावर नीट बसवला होता, आणि ते खिडकीबाहेर, दूर वावरातल्या वांग्यांकडे पाहायला लागले होते.

मैदानाच्या मधोमध मी गाडी थांबवली. पहिला गिअर टाकला आणि क्लचवरून पाय एकदम उचलून घेतला.

गाडी दचकली, हिसका दिला आणि बंद पडली. सरांनी मान वळवली. ते माझ्याकडे सरकले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. होते असं. पह्यल्यापासून पाहू."